रक्तदाबाची गोळी आणि आठवणींची ठेव



घरातील ज्येष्ठ व्यक्ती चष्मा कोठे ठेवला हे विसरू लागली, की ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण तो विषय संपवितो. त्याच व्यक्तीचा रक्तदाब कित्येक वर्षे वाढलेला आहे आणि गोळ्या वरचेवर राहून जातात, याकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. या दोन गोष्टींचे नाते निकटचे आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के. परंतु हृदय मिनिटाला जे सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते, त्यातील जवळजवळ पाऊण लिटर एकट्या मेंदूला लागते. मेंदूच्या खोल भागात हे रक्त पोहोचविणाऱ्या वाहिन्या अतिशय बारीक असतात. वर्षानुवर्षे दाब वाढलेला राहिला, की त्यांच्या भिंती जाड व ताठर होतात आणि मार्ग अरुंद होतो. ठिबकच्या नळ्या क्षाराने चोंदल्या, की डाळिंबाच्या झाडांचे जे होते, तेच येथे घडते. पक्षाघाताचा झटका न येताही मेंदूचे लहान लहान भाग निकामी होत जातात. आधी हिशेब चुकू लागतो, उत्तर सुचायला वेळ लागतो, चाल मंदावते. मग विसर लक्षात येतो. मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि मिश्री या हानीत भरच घालतात.

आपल्या देशात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे ८८ लाख ज्येष्ठांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. मात्र दिलासा देणारी बातमीही खेड्यांतूनच आली आहे. चीनमधील ३२६ गावांत सुमारे ३४ हजार रक्तदाबग्रस्तांचा चार वर्षे अभ्यास झाला. जेथे गावातील आरोग्यसेवकांनी नियमित गोळ्या देऊन दाब १३०/८० च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला, तेथे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी राहिले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मोठे रुग्णालय नव्हते, महागडे यंत्र नव्हते. होते ते सातत्य.

आपल्याकडे अडते तेही सातत्यावरच. मोडनिंब परिसरात ‘दाब नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य मी नित्य ऐकतो. दाब ताब्यात असतो तो गोळीमुळेच. आषाढीला पंढरीची वाट धरताना गोळ्यांची पुडी घरीच राहते, तीही अशाच समजुतीने. आणि एकदा विसर पडू लागला, की दुष्टचक्र सुरू होते : विसरामुळे गोळी राहते, गोळी राहिल्याने दाब वाढतो, दाबामुळे विसर वाढतो.

हे चक्र तोडणे घरच्यांच्या हाती आहे. ‘गोळी घेतली का?’ असे विचारू नका. विसरणारी व्यक्ती प्रामाणिकपणेच ‘घेतली’ म्हणते. सात वारांचे कप्पे असलेली डबी आणा, घरातील एकाने ती दर रविवारी भरावी आणि सकाळच्या चहाबरोबर गोळी स्वतः हातावर ठेवावी. राहून गेलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नये. दाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसवावे आणि आकडा वहीत लिहावा. मीठ दिवसाला एका लहान चमच्याच्या आत असावे. शेंगाचटणी, लोणचे, पापड यांतील मीठही त्यातच मोजावे. झेपेल तेवढे रोज चालणे आणि चार माणसांत बसणे, मग ते भजन असो वा पारावरच्या गप्पा, हेही औषधच.

दोन सावधगिरीच्या सूचना. उभे राहताना चक्कर येत असेल, तर दाब फार खाली जात असण्याची शक्यता असते. गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगावे. नाडी अनियमित लागत असेल, तर ईसीजी काढून घ्यावा. तसेच प्रत्येक विसर रक्तदाबाचाच नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, झोपेच्या गोळ्या, कमी झालेले ऐकू येणे ही कारणेही तपासावीत, कारण त्यांवर उपाय आहेत.

परंतु एकाएकी तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा माणूस अचानक बरळू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. तत्काळ १०८ ला दूरध्वनी करावा. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते.

ज्यांनी आयुष्यभर घराचा हिशेब सांभाळला, त्यांच्या गोळ्यांचा हिशेब आता आपण सांभाळावा. आजच घरातील डबी उघडून पाहा. किती गोळ्या उरल्या आहेत, ते मोजा.