कापसाचा भाव कोण ठरवतो?

यवतमाळ किंवा अकोला जिल्ह्यातील शेतकरी आपला कापूस बाजार समितीच्या आवारात आणतो, तेव्हा व्यापारी तो हातात घेऊन धाग्याची लांबी पाहतो, ओलावा तपासतो आणि भाव पुकारतो. भाव पुकारला जातो तो त्या आवारात. त्याची जुळणी मात्र दूरवर झालेली असते. न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात रुईचा दर काय चालला आहे, अमेरिकेचे सरकार आपल्या शेतकऱ्यांना किती साहाय्य देते, चीन किती माल उचलतो, दिल्लीत आयात शुल्काचा आकडा कोणता आहे, या साऱ्यांचा हिशेब त्या एका भावात मिसळलेला असतो. शेतकऱ्याच्या कानी पडतो तो शेवटचा आकडा.

अर्थनीतीवरील वाद बहुधा दोन पक्षांत मांडला जातो. व्यापार मुक्त असावा, म्हणजे ज्याला जे स्वस्तात पिकवता येते ते तो पिकवील आणि सर्वांचाच लाभ होईल, असे एक पक्ष म्हणतो. देशातील शेती, उद्योग आणि रोजगार यांना संरक्षण हवे, असे दुसरा म्हणतो. कापसाची हकिगत पाहिली तर ही मांडणीच अपुरी वाटू लागते. मुक्त व्यापाराचा घोष ज्यांनी सर्वांत मोठ्याने केला, त्यांनीही आपल्या माणसांना संरक्षण दिलेच. तेव्हा संरक्षण असावे की नसावे यापेक्षा ते कोणाला मिळाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचे मोल आले. वऱ्हाडातील जमीन कापसाखाली गेली. युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईतील पेढ्या बुडाल्या. ज्या युद्धाशी आणि ज्या शरणागतीशी वऱ्हाडच्या कुणब्याचा काडीचाही संबंध नव्हता, त्यांनी त्याचे पीक बदलले आणि नंतर त्याचे उत्पन्नही हिरावून घेतले.

पुढे १८९२ मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना आणि सर्व काळांना सारखेच लागू पडत नाहीत, ही त्यातील मुख्य भूमिका होती. त्यांच्या या म्हणण्याचा पुरावा सरकारने चारच वर्षांत स्वतःहून दिला. तिजोरीत खडखडाट होता, म्हणून परदेशी सुती कापडावर आयात कर बसवावा लागला होता. परंतु त्यामुळे लँकेशायरच्या गिरणीमालकांचे नुकसान होऊ नये, अशीही चिंता होती. तेव्हा १८९६ मध्ये आयात कर साडेतीन टक्के ठेवण्यात आला आणि भारतातील गिरण्यांत विणलेल्या कापडावरही बरोबर साडेतीन टक्के शुल्क लादण्यात आले. मुंबई, अहमदाबाद, नागपूर, सोलापूर येथील कापड आपल्याच देशात महाग व्हावे, अशी ही तजवीज होती आणि तिला नाव होते निःपक्षपाताचे! हे शुल्क १९२५ च्या अखेरीस स्थगित झाले व पुढील वर्षी रद्द झाले.

हा पारतंत्र्याचा काळ होता, असे म्हणून ती गोष्ट बाजूला ठेवता येईल. पण मग एकविसाव्या शतकाच्या आरंभीची स्थिती पाहावी. अमेरिकेत कापूस पिकवणारे शेतकरी तेव्हा पंचवीस हजारांच्या आसपास होते आणि २००१-०२ या एका हंगामात त्यांना मिळालेले सरकारी साहाय्य तीन अब्ज डॉलरहून अधिक होते. जगातील भाव पडले तरी त्यांना कापूस पिकवणे परवडत असे. त्यामुळे माल कमी होत नसे आणि भाव आणखी पडत. पश्चिम व मध्य आफ्रिकेत एक कोटीहून अधिक लोकांची उपजीविका कापसावर चालते. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेपुढे मागणी ठेवली, ती हे साहाय्य बंद करण्याची. दानाची याचना त्यांनी केली नव्हती. जे नियम श्रीमंत देश इतरांना शिकवीत होते तेच त्यांनीही पाळावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्या वर्षी मेक्सिकोतील कान्कून येथे परिषद भरली. तिच्या मसुद्यात या देशांना उत्तर मिळाले ते असे की, त्यांनी कापसावर विसंबू नये, अन्य उद्योगांकडे वळावे. ती परिषद निष्फळ ठरली. निर्यातीवरील अनुदाने पुढे बंद झाली, परंतु मोठा वाटा असलेले देशांतर्गत साहाय्य तसेच राहिले.

याच सुमारास ब्राझीलने दुसरा मार्ग धरला. २००२ मध्ये त्याने अमेरिकेविरुद्ध त्याच संघटनेत दावा लावला आणि २००५ पर्यंत तो अपिलातही जिंकला. निकाल हाती असूनही अंमलबजावणी अपुरीच राहिली. शेवटी २०१० मध्ये ब्राझीलने अमेरिकी मालावर जादा कर बसवण्याची आणि अमेरिकी पेटंटांना दिलेले संरक्षण काढून घेण्याची तयारी केली, तेव्हा कोठे तडजोड झाली. ती वाचण्यासारखी आहे. अमेरिकेने आपल्या शेतकऱ्यांचे साहाय्य चालू ठेवले आणि त्याबद्दल ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या निधीला वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. माली किंवा चाड यांना असे काही मिळाले नाही. कायदा सर्वांसाठी एकच होता. पण निकालाची वसुली करण्याइतकी बाजारपेठ ज्याच्या हाती होती, त्याच्याच पदरात काही पडले.

भारताचा अनुभव यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रारीचा सूर लावला, की भारत कापसाला मर्यादेपेक्षा जास्त आधार देतो. या हिशेबात आजचा हमीभाव १९८६ ते १९८८ या काळातील जागतिक भावाशी ताडून पाहिला जातो. चाळीस वर्षांपूर्वीच्या मापाने मोजले तर कोणताही हमीभाव अवाढव्यच दिसणार. असे माप कोणी ठरवले, हा प्रश्न शेतीशास्त्राचा नाही, सत्तेचा आहे.

मात्र सगळा दोष परदेशावर टाकून मोकळे होणेही प्रामाणिकपणाचे नाही. २०२१ पासून भारतात कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क होते. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील जादा कर ५० टक्क्यांवर नेला. अमेरिका ही भारतीय तयार कपड्यांची सर्वांत मोठी गिऱ्हाईक. तिरुपूरसारख्या शहरांत शिलाई यंत्रांवर बसणाऱ्या कामगारांच्या पोटावर पाय येणार, हे उघड होते. आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, दूरदूरच्या राज्यांतून आलेली माणसे आहेत. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून केंद्र सरकारने १९ ऑगस्टपासून कापसावरील आयात शुल्क माफ केले आणि ही सवलत नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. कामगारांचे काम टिकवण्याचा हेतू योग्यच होता. पण धक्का वॉशिंग्टनहून आला, त्याचा भार दिल्लीने उचलला नाही. तो वऱ्हाड, मराठवाडा आणि तेलंगणातील शेतावर उतरवला गेला.

शेतकऱ्याला हमीभाव आहे, असे यावर सांगितले जाते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, हे खरे. परंतु त्या भावाने खरेदी करते ते भारतीय कापूस महामंडळ; तेथे आधी नोंदणी हवी, ओलावा बारा टक्क्यांहून अधिक नको आणि आपली पाळी येईपर्यंत थांबण्याची ऐपतही हवी. उधारीवर बियाणे व खत आणणारा कोरडवाहू शेतकरी थांबू शकत नाही. गिरणी आणि शेत यांपैकी एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याचे उत्पन्न कापणे, ही वास्तविक नीती नव्हे. निर्यातीचे संकट राष्ट्रीय मानायचे असेल, तर गिरण्यांना सवलत तिजोरीतून मिळावी आणि त्याच महिन्यांत खरेदी केंद्रे लवकर उघडून, अधिक गावांपर्यंत नेऊन हमीभाव खरा करावा. त्यासाठी खर्च येईल. तो खर्च अर्थसंकल्पात दिसेल, त्यावर संसदेत चर्चा होईल. शेतकऱ्याकडून परभारे वसूल केलेली रक्कम कोणत्याच हिशेबात दिसत नाही.

२०२५ ची सवलत ३१ डिसेंबरला संपली. कापसाची पहिली वेचणी ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, आणि सावकाराचे व कृषी सेवा केंद्राचे देणे ज्याच्या डोक्यावर असते तो आपला माल त्याच तीन महिन्यांत विकून मोकळा होतो.