राखणदार म्हातारा झाला



मागल्या महिन्यात हरभरा पाहायला एका वस्तीवर गेलो होतो. एरवी माझी गाडी बांधावरून वळली की मोत्या भुंकत सामोरा यायचा. त्या दिवशी तो आला नाही. ओट्याशेजारी नुकत्याच धुतलेल्या फरशीवर पडून होता. मला पाहून त्याने शेपूट हलवली, उठायची धडपड केली. पण मागचे पाय फाकले आणि तो पुन्हा खाली बसला. तेरा वर्षांचे जनावर.

घरच्या आजी म्हणाल्या, "साहेब, माझ्यावाणीच त्याचं गुडघं गेलं बघा. माझ्यातलीच अर्धी गोळी चार दिस झालं भाकरीत घालून देते. मला गुण येतो, त्यालाबी येईल."

मी विचारले, "आजी, त्याची शी कशी होते?"

"काळी, डांबरावाणी. अन् कालपासनं खातबी न्हाई."

मग हरभरा राहिला बाजूला. मोत्याला टेम्पोत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. गोळीने पोटात व्रण पडून रक्त जात होते. वेळेवर पोचलो म्हणून तो वाचला. आजींनी गोळी दिली ती मायेनेच; पण माया आणि औषध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. औषध डॉक्टरांनीच ठरवावे. पण त्याखेरीज घरच्यांच्या हातात पुष्कळ काही असते, ते आज सांगतो.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. उतारवयात ते झिजते, आणि वंगण संपलेल्या आसासारखा सांधा घासू लागतो. झिजलेले अस्तर परत येत नाही. दुखणे मात्र बरेच कमी करता येते. कुत्रा सहसा ओरडत नाही, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. सकाळी उठताना आखडणे, चार पावले चालल्यावर जरा मोकळे होणे, ओट्यावर न चढणे, एकच सांधा चाटत बसणे, मांडीचे मांस उतरणे, हात लावताच गुरगुरणे, या त्याच्या तक्रारीच समजाव्यात. मात्र प्रत्येक लंगडणे संधिवाताचे नसते. पंजात काटा असेल, हाड मोडले असेल किंवा गोचिडतापाने सांधे धरले असतील. म्हणून एकदा तरी डॉक्टरांना दाखवावे.

पहिला उपाय अंथरुणाचा. दोन गोणपाटांत भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड भरून वीतभर जाड गादी करावी, वर जुनी गोधडी घालावी. जागा कोरडी आणि वाऱ्याच्या झोतापासून आडोशाला असावी. आठवड्याला गोधडी धुऊन उन्हात टाकावी व काड बदलावे, म्हणजे पिसवा-गोचीड होत नाहीत. गुळगुळीत फरशीवर त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर गोणपाट अंथरावे. पाय घसरला की दुखरा सांधा आणखी ताणला जातो. पायरीला फळी तिरकी लावून तिच्यावर पोते ठोकावे. मान वाकवताना त्रास होत असेल तर पाण्याचे भांडे दोन विटांवर ठेवावे. वाढलेली नखे टोकाटोकाने कापावीत. लांब नखांनी पंजा वाकडा पडतो.

दुसरा उपाय चालण्याचा. दिवसभर बांधून ठेवले तर सांधे अधिकच आखडतात. मऊ मातीवर दहा-दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा, त्याच्या चालीने फिरवावे. सायकलीमागे पळवू नये. मागचे पाय उचलत नसतील तर पोटाखालून पंचा घालून आधार द्यावा. आणि एक गोष्ट घरातल्या सर्वांना सांगून ठेवावी: म्हातारा कुत्रा ट्रॅक्टरच्या किंवा गाडीच्या सावलीत झोपतो, त्याला कमी ऐकू येते आणि पटकन उठता येत नाही. गाडी हलवण्याआधी खाली वाकून पाहावे.

तिसरा उपाय खाण्याचा. जास्तीचे वजन म्हणजे दुखऱ्या सांध्यावरचे ओझे. बरगड्या दिसू नयेत, पण हाताला लागाव्यात. सुटलेल्या कुत्र्याची भाकरी कमी करावी, गोडधोड बंद करावे. वाळलेल्याला उकडलेले अंडे, दही, थोडे मांस द्यावे. कांदा घातलेले कालवण आणि मनुका देऊ नयेत, त्या त्याला बाधतात. तरुण कुत्री हुसकावतात, म्हणून त्याला वेगळे वाढावे.

थंडीत आखडलेल्या सांध्याला कोमट फडक्याने दहा मिनिटे शेकावे. फडके आधी आपल्या मनगटावर लावून पाहावे. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर शेकू नये. बिब्बा लावणे आणि डागणे हे प्रकार कृपा करून थांबवा. त्याने फोड येतात, जखम होते आणि जखमेत अळ्या पडतात. सांधा आहे तसाच राहतो. कापराचे तेल, बाम लावू नये; कुत्रा ते चाटतो आणि ते पोटात जाते.

आता गोळ्यांविषयी. माणसांच्या पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या कुत्र्याला आपल्या मनाने कधीही देऊ नयेत. जनावरांसाठीचे डायक्लोफेनॅक तर सरकारने २००६ साली बंद केले, कारण ते दिलेले ढोर मेल्यावर त्याचे मांस खाऊन गिधाडे मरत होती. कुत्र्यासाठी मेलॉक्सिकॅमसारखी औषधे आहेत, पण त्यांचे प्रमाण वजनावर ठरते. वजन घरीच करता येते. धान्याच्या काट्यावर आधी कुत्र्याला उचलून उभे राहावे, मग एकट्याने. ७८ आणि ६० किलो भरले तर कुत्रा १८ किलोचा. औषध खाण्याबरोबर द्यावे. उलटी झाली, शी काळी झाली किंवा खाणे सुटले तर औषध थांबवून लगेच दवाखाना गाठावा. आधी कोणी इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या असतील तर त्या लपवू नयेत.

कधी कधी हे सगळे करूनही दिवस येतो. कुत्रा उठत नाही, खात नाही, औषधानेही कण्हणे थांबत नाही. तोवर त्याची कूस दर तीन-चार तासांनी बदलावी, मुतलेले अंग पुसून कोरडे ठेवावे. मग डॉक्टरांशी मोकळेपणी बोलावे. ते इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे निरोप देऊ शकतात, आणि त्यात पाप नाही. पण बाजाराच्या गावी किंवा माळावर नेऊन सोडून येऊ नये. दहा-बारा वर्षे ज्याने आपले खळे राखले, त्याला शेवटी परक्या रस्त्यावर टाकणे कोणत्याही शेतकऱ्याला शोभत नाही.

परवा हरभरा पाहायचा राहिला होता म्हणून पुन्हा त्या वस्तीवर गेलो. मोत्या बांधापर्यंत आला नाही. पण काडाच्या गादीवरून भुंकला, उठला आणि चार पावले चालून आला. आजींनी त्याच्या गोळ्यांची डबी वेगळी केली आहे, आणि स्वतःची उंच फडताळात ठेवली आहे.

आपल्याही दाराशी असा एखादा म्हातारा राखणदार असेल, तर आज संध्याकाळी त्याची झोपायची जागा हाताने चाचपून पाहा. ती ओली किंवा कडक लागली, तर कामाला तिथूनच सुरुवात करा.