निगा राखणाऱ्यालाही मोबदला हवा

प्रोग्रामर दिवसभर ज्या एडिटरमध्ये कोड लिहितो, त्याला जोडलेली छोटी छोटी एक्स्टेन्शन्स कोण सांभाळतो, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. नवे ॲप आले की बातमी होते. जुने साधन वर्षानुवर्षे चालते ठेवणाऱ्याची होत नाही. माझे म्हणणे असे आहे की अशा साधनाचा वेग हा त्याच्या अचूकतेचाच भाग असतो, तो वेग दीर्घकाळच्या देखभालीतून येतो, आणि म्हणून त्या देखभालीला नव्या निर्मितीइतकाच पैसा आणि मान मिळायला हवा. स्कीम या भाषेचे उदाहरण घेतो, कारण तिथे हा प्रश्न उघडावाघडा दिसतो.

जेरल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी १९७५ मध्ये एमआयटीत स्कीम घडवली. लिस्प कुळातली ही भाषा मुद्दाम आटोपशीर ठेवलेली आहे. २०१३ च्या तिच्या छोट्या प्रमाणकाचा दस्तऐवज शंभर पानांच्या आत संपतो. पण भाषेचा गाभा लहान असल्यामुळे उरलेले सगळे ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने भरून काढले. गाइल, चेझ, चिकन, गँबिट, एमआयटी स्कीम अशा प्रत्येक अवताराची मोड्यूल्सची रीत वेगळी, चूक दाखवणारा संदेश छापण्याची तऱ्हा वेगळी. इमॅक्स या एडिटरसाठी गायझर नावाचे एक्स्टेन्शन आहे, ते या सगळ्यांशी बोलते. एडिटरच्या मागे स्कीम चालू असते. गायझर तिला सतत विचारत राहते, या फंक्शनला कोणती मूल्ये द्यायची, हे नाव कुठे व्याख्यित झाले आहे, इथे पुढे काय लिहिता येईल. यातल्या एखाद्या अवताराने पुढच्या आवृत्तीत संदेशाची मांडणी जराशी बदलली, तर गायझरच्या कोडला कोणी हात लावलेला नसतानाही ते बिघडू शकते. काम एकदा करून मोकळे होण्याची सोय इथे नाही. पुढे गायझरमधला प्रत्येक अवताराचा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये काढला गेला, तो त्या त्या अवताराच्या जाणकाराला स्वतंत्रपणे सांभाळता यावा असाच. बाहेरून पाहणाऱ्याला यात नवे काहीच दिसत नाही, पण टिकून राहणे अशाच निर्णयांवर ठरते.

आता वेगाकडे वळू. इमॅक्समध्ये एक्स्टेन्शनचा कोड बव्हंशी एकाच धाग्यावर चालतो. ते उत्तराची वाट पाहत थांबले की टाइप केलेले अक्षरही थांबते. स्कीममध्ये कंसांची गर्दी असते, आणि कोणता कंस कुणाचा हे ठरवणे दिसते तितके सोपे नाही. कंस मजकुराच्या अवतरणात असू शकतो, टिप्पणीत असू शकतो, किंवा स्वतः एक अक्षर म्हणून लिहिलेला असू शकतो, ज्याला जोडीदार नसतोच. खात्री करायची तर फाइल सुरुवातीपासून वाचत यावे लागते. हा वेळ वाचवण्यासाठी इमॅक्सने जुन्या काळी एक संकेत धरला होता: ओळीच्या अगदी आरंभी उघडणारा कंस म्हणजे नव्या व्याख्येची सुरुवात. त्याने काम झटपट झाले, पण वर्णनाच्या मजकुरात एखादी ओळ कंसाने सुरू होत असेल तर लेखकाने त्या कंसापुढे उलटी तिरपी रेघ टाकावी, असा दंडक आला. वेगासाठी घेतलेली पळवाट लिहिणाऱ्याच्या बोटांपर्यंत पोचली. नंतर फाइल कुठवर वाचली याची नोंद साठवून ठेवणारा मार्ग रुजला आणि त्या पळवाटेची गरज कमी झाली. असा बदल जुन्या पळवाटा माहीत असलेला माणूसच धीराने करू शकतो.

दुसरा पुरावा व्हीएस कोड या एडिटरचा. जोडीच्या कंसांना एकसारखा रंग देणारे एक एक्स्टेन्शन तिथे अतिशय लोकप्रिय होते. टाइपस्क्रिप्टच्या एका ४२ हजारांहून अधिक ओळींच्या फाइलमध्ये वर एक कंस वाढवला, की सगळे रंग जागेवर यायला सुमारे दहा सेकंद लागत. तेवढा वेळ पडद्यावरचे रंग चुकीचे असत, म्हणजे मंदपणा हीच इथे चूक ठरत होती. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या चमूने तेच काम एडिटरच्या गाभ्यात आणले, कंसांची समतोल वृक्षरचना बांधली, बदललेला भागच पुन्हा वाचायची व्यवस्था केली. तो वेळ मिलिसेकंदाच्याही खाली आला. मूळ लेखक कमी पडला असा याचा अर्थ नाही. एक्स्टेन्शन वेगळ्या प्रक्रियेत चालते, गाभ्यातली माहिती त्याला मिळत नाही. पगारी माणसांना गाभ्यात हात घालण्याची मुभा होती, आणि विचार करायला वेळही होता.

यावर आक्षेप येतो की यंत्रे दर वर्षी वेगवान होतात, मग ही धडपड कशाला? पण प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग २००५ च्या सुमारापासून पूर्वीसारखा वाढलेला नाही, आणि दर अक्षरागणिक अख्खी फाइल वाचणारा कोड मोठ्या फाइलपुढे कोणत्याही यंत्रावर अडखळतोच. माणसाची सहनशक्ती तर बदललेलीच नाही: प्रतिसाद दशांश सेकंदात आला तरच तो तात्काळ वाटतो, हे संगणक-वापराच्या अभ्यासकांनी कधीचे सांगून ठेवले आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: स्कीम वापरणारे किती, त्यांच्यासाठी खर्च का करावा? वापरणारे थोडे आहेत, हे खरे. मात्र ग्विक्स ही पॅकेज-व्यवस्था मुख्यतः स्कीममध्ये लिहिलेली आहे, संगीताची स्वरलेखने छापणारे लिलीपाँड स्कीमवर विसंबते, चित्रे संपादित करणाऱ्या गिम्पच्या स्क्रिप्ट्सही तिच्यात लिहिता येतात. शिवाय थोड्यांच्या साधनाला बाजार पैसा देत नाही, म्हणूनच इतरांनी द्यावा लागतो. एआयकडून सगळे नव्याने लिहून घ्या, असे आता सुचवले जाते. कोड त्यातून नक्की मिळेल; पण अमुक विचित्र ओळ कोणत्या अवताराच्या कोणत्या खोडीसाठी घातली होती, हे ठाऊक असलेला आणि पुढच्या वर्षी तक्रार आल्यावर उत्तर देणारा माणूस त्यातून मिळत नाही.

हौशी लोक हे आनंदाने करतात, मग पैशाचा विषय का, असेही विचारले जाते. फाइलींचा आकार कमी करणाऱ्या एक्सझेड या साधनाची घटना आठवावी. त्याचा भार वर्षानुवर्षे एकट्या थकलेल्या देखभालकर्त्यावर होता. मदतीच्या निमित्ताने कोणीतरी विश्वास मिळवला आणि त्यात चोरवाट घुसवली. मार्च २०२४ मध्ये ती उघडकीस आली, कारण लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले आणि त्याने कारण खणून काढले. वेगाकडे काटेकोरपणे पाहण्याची सवय किती मोलाची असते, याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

आपल्याकडे सुरुवात झाली आहे. झेरोधा या कंपनीने २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला; आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर रुजवतो. पण आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणजे काहीतरी नवेच बांधायचे, ही समजूत अजून पक्की आहे. विद्यार्थ्याने जुन्या एक्स्टेन्शनमधला मंदपणा मोजला, कारण शोधले, दुरुस्ती पाठवली आणि ती स्वीकारली गेली, तर त्याला पूर्ण गुण द्या. आणि ज्या कंपन्यांची रोजची कामे या साधनांवर चालतात, त्यांनी देखभाल करणाऱ्यांसाठी वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम ठेवावी.