झाडाखालची जागा पोटखराब नव्हे

मुलकी खात्यांत कारकुनी करणारास ‘पोटखराब’ हा शब्द नवा नाहीं. सर्व्हे नंबराच्या ज्या भागांत खडक, नाला किंवा वाट असल्यामुळें पीक येत नाहीं, तो भाग सातबाराच्या उताऱ्यावर पोटखराब म्हणून लिहितात. त्यावर आकार बसत नाहीं, आणि आकार नाहीं म्हणून मालकाचें लक्षही नाहीं. माझी सारी नोकरी हा शब्द लिहिण्यांत गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षीं सेवानिवृत्त होऊन स्वारगेटजवळच्या घरीं बसल्यावर मात्र ध्यानांत आलें कीं, शहरांतील हौशी बागवान व खेड्यांतील बागाईतदार हे दोघेही आपल्या जमिनीचा एक मोठा तुकडा, कोणी न सांगतां, पोटखराब धरून बसले आहेत. तो तुकडा म्हणजे मोठ्या झाडाखालची सावली होय.

आंब्याखालीं, फणसाखालीं, जांभळीखालीं ‘कांहीं येत नाहीं’ असें आपण म्हणतों. खेड्यांत तेथें मोडकें अवजार आणि सरपण पडतें. शहरांत प्रथम हिरवळ लावितात. हिरवळीचें गवत उन्हाचें भुकेलें. सावलींत तें विरळ होतें, रोज पाणी पितें आणि दोन वर्षांत मरतें. मग कोणी पिवळ्या फुलांची वेडेलिया आणून पसरतो. ही वेल मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील. जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींच्या यादींत तिची गणना झालेली आहे. तिचाही कंटाळा आला कीं अखेरचा उपाय म्हणून खोडापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवितात.

सह्याद्रीनें आपल्या झाडांखालची जमीन अशी उघडी ठेविलेली नाहीं. आषाढ-श्रावणांत सिंहगडच्या किंवा मुळशीच्या बाजूस जो गेला असेल, त्यानें झाडांच्या सावलींत हळदीसारखीं रुंद पानें आणि त्यांमधून वर आलेला गुलाबी तुरा पाहिलाच असेल. हीच रानहळद. तुऱ्याचा गुलाबी भाग म्हणजे फूल नव्हे; तीं रंगीत छदें होत. खरीं फुलें पिवळीं असून खालच्या हिरव्या छदांच्या खोबणींत बसलेलीं असतात. जॉन ग्रॅहम यांनीं मुंबई व आसपासच्या वनस्पतींची जी यादी १८३९ सालीं प्रसिद्ध केली, तींत हिला कुर्कुमा स्यूडोमोंटाना हें शास्त्रीय नांव मिळालें. पहिल्या पावसाबरोबर ही कंदांतून उठते, चार महिने जमीन झांकते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास पानें पिवळीं पाडून पुन्हां कंदांत निजते.

येथें माझा स्वतःचा अपराध सांगणें प्राप्त आहे. पहिल्या वर्षीं मी ऐन श्रावणांत डोंगरावरून फुलावर आलेले बारा गड्डे उपटून आणिले. दहा कुजले, दोन कसेबसे तगले. फुलावरचा कंद हलवूं नये, ही शेतकऱ्याच्या मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट मी विसरलों. त्याहून वाईट हें कीं, राखीव वनांतून वनोपज नेण्यास १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें मनाई आहे, हें सरकारी कागदांत जन्म घालविलेल्या मला माहीत होतें. हौसेपोटीं डोंगर उघडा करून अंगण झांकण्यांत पुरुषार्थ नाहीं. पुढें एका स्नेह्याच्या बागेंत वाढलेले चार कंद मागून आणिले, आणि आज आंब्याखालचा सारा वाफा त्यांच्याच संततीनें भरला आहे. म्हणून माझें आग्रहाचें सांगणें आहे कीं, कंद रोपवाटिकेंतून किंवा ओळखीच्या बागेंतूनच घ्यावे. डोंगरावर जावें तें केवळ पाहण्यास.

लागवडीची रीत सोपी आहे. कंद निजलेले असतांना, म्हणजे वैशाखांत, ते फोडावे. प्रत्येक तुकड्यास एक तरी डोळा असावा. चार बोटें खोल आणि एकेक वितीच्या अंतरानें लावावे. पुण्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि कंद कुजवते. यासाठीं तींत मुरूम व कुजलेला पालापाचोळा सढळ हातानें मिसळावा. झाडाच्या मोठ्या मुळ्यांस कुदळ लागूं देऊं नये, आणि खोडाशीं मातीची भर घालूं नये. पावसाळा सुरू झाल्यावर वेगळें पाणी घालण्याची गरज नाहीं; पानें वाळल्यावर तर मुळींच घालूं नये. ही हळद शोभेची व भूमिरक्षणाची आहे. स्वयंपाकांत वापरूं नये.

जेथें न्हाणीचें किंवा नळाचें पाणी झिरपतें तेथें मंडूकपर्णी लावावी. तिला पेऱ्यापेऱ्यास मुळें फुटतात आणि पाणी असेल तर ती बारमाही हिरवी राहते. पुण्यांत पुष्कळ लोक तिलाच ब्राह्मी म्हणतात. पण नीरब्राह्मी निराळी, तिचीं पानें बारीक व मांसल असतात. कोरड्या कडेस काळी मुसळी लावावी. तिचीं पानें गवतासारखीं, आणि चांदणीसारखीं पिवळीं फुलें थेट जमिनीलगत येतात.

यावर एक आक्षेप हमखास निघतो: ‘चार महिने हिरवी आणि आठ महिने उघडी, असली बाग काय कामाची?’ मी उलट विचारतों, खरिपाची बाजरी किती महिने उभी असते? ती निघाल्यावर त्या शेतास कोणी पोटखराब म्हणत नाहीं. शिवाय उरलेले आठ महिने जमीन उघडी असते असेंही नाहीं. झाडाचा पाला तेथेंच राहूं द्यावा. तेंच कंदांचें पांघरूण आणि तेंच पुढच्या वर्षाचें खत. जो तो पाला झाडून जाळतो, तो आपल्याच जमिनीचें धन धुरावाटें घालवितो.

हें सारें लिहिण्यास निमित्त घडलें आहे. आमच्या सोसायटींत आंब्याभोंवतीं खोडापर्यंत ठोकळे बसवून दोन मोटारींची सोय करावी, असा ठराव येत्या सभेपुढें आहे. मोटारी ठेवूं नयेत असें मी म्हणत नाहीं. परंतु २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आमच्या शेजारूनच वाहणाऱ्या आंबील ओढ्यानें अरण्येश्वर, सहकारनगर या भागांत काय केलें, हें येथें कोणी विसरलेलें नाहीं. कित्येक जीव गेले. एका अंगणानें असा पूर थांबत नाहीं, हें मी जाणतों. पण जें अंगण पाऊस पीत नाहीं, तें आपला पाऊस ओढ्याकडेच धाडतें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेंही २०१३ सालीं दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोंवतीं एक मीटरपर्यंतचें काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. दिल्लीच्या झाडास जो श्वास लागतो, तो स्वारगेटच्या आंब्यास लागत नाहीं काय?

सभेंत मी एकच उपसूचना मांडणार आहें: खोडाभोंवतीं निदान सहा फूट जागा मोकळी ठेवावी आणि ती मला झांकूं द्यावी. ती मंजूर होईल न होईल. कंद मात्र फोडून तयार ठेविले आहेत.

लागवडीखालीं आणलेला पोटखराबा लागवडीयोग्य क्षेत्रांत धरण्याची वाट सरकारनें २०१८ सालीं नियम दुरुस्त करून मोकळी केली. आपल्या अंगणाच्या व परसाच्या उताऱ्यावर ही दुरुस्ती करण्यास तलाठ्याकडे जावें लागत नाहीं. प्रत्येक सभासदानें एका झाडाखालीं एक वाफा करावा, आणि तीन वर्षांनीं त्यांतील चार कंद शेजाऱ्यास द्यावे, इतकीच नम्र विनंति आहे.