सडकीं व कललेलीं झाडें आणि यांत्रिक करवत

आपल्या मासिकांत बीं-बियाणें, खतें, फवारण्या व बाजारभाव यांविषयीं दरमहा पुष्कळ मजकूर येतो, व तो उपयुक्तहि असतो. परंतु बांधावरचें मेलेलें किंवा कललेलें झाड पाडावें कसें, या प्रश्नास या पानांत जागा मिळालेली माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. प्रस्तुत लेखक झाडतोडींतला जाणकार नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून सेवानिवृत्त झालेला एक साधा खातेदार आहे, व त्याचें शिक्षणहि मराठी शाळेपुरतेंच. तथापि जें प्रत्यक्ष पाहिलें, आणि ज्यांत माझाहि दोष आहे, तें लिहिण्यास विद्वत्तेची अडचण नसावी.

ता. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. नारळी-पोफळीच्या वाड्या, आंब्याच्या बागा व समुद्राकांठचीं सुरूचीं बनें यांचा जो नाश झाला त्याचे पंचनामे लिहिणाऱ्यांत मीहि होतों. पडलेलीं झाडें आम्हीं मोजलीं. जीं पडलीं नाहींत, नुसतीं कललीं, त्यांच्याकडे मीं तरी वळून पाहिलें नाहीं. त्या वेळीं तें बरोबरच वाटलें. पण एका बाजूच्या मुळ्या तुटलेलें झाड जगलें तरी त्याच्या जखमेंतून पाणी व बुरशी आंत शिरते. वर पालवी हिरवीगार आणि बुडाचा गाभा मात्र पिठासारखा, अशीं झाडें आज कित्येकांच्या वाडींत गोठ्यावर, विहिरीवर किंवा पायवाटेवर ओणवीं उभीं आहेत. मालक दर वैशाखांत त्यांच्याकडे पाहतो आणि कटरवाल्यास निरोप धाडतो.

‘कटर’ म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, इंग्रजींत जिला चेन-सॉ म्हणतात ती. पूर्वीं कुऱ्हाडीनें किंवा दोघांनीं ओढावयाच्या करवतीनें झाड पाडण्यास अर्धा दिवस लागे. त्या संथपणांत एक सोय होती. झाड करकरूं लागलें कीं तें ऐकूं येई, आणि मुरलेला लांकूडतोड्या हातांतलें टाकून बाजूस होई. कुऱ्हाडीच्या काळीं माणसें दगावत नसत असें मात्र माझें म्हणणें नाहीं. तशीं उदाहरणें वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलीं आहेत. आतांचें यंत्र तेंच काम पांच मिनिटांत करतें आणि त्याच्या आवाजांत झाडाचा आवाज बुडून जातो. शिवाय तें कांहीं हजार रुपयांत मिळतें, व विकणारा तें चालू कसें करावें एवढेंच दाखवितो. झाड कसें पाडावें हें दाखविणें त्याच्या धंद्यांत येत नाहीं.

वादळाच्या दुसऱ्या वर्षीं माझ्या कुंपणावरचें सुरूचें एक झाड वाटेवर बरेंच कललें होतें. गांवांतल्या एका तरुणास मींच बोलाविलें. पायांत सपाता, अंगांत बनियन, डोक्यावर कांहीं नाहीं. त्यानें कलत्या बाजूस एक लहानशी खांच घेतली व पाठीमागून करवत लावली. अर्ध्यापर्यंतहि छेद गेला नसेल, तोंच बुंधा सरपणाचा ओंडका फोडावा तसा उभा चिरला. मागची फळी पुरुषभर उंच उसळली आणि त्याच्या खांद्यावर आली. गळपट्टीचें हाड मोडलें. वीतभर इकडे असती तर डोकेंच होतें. दोन महिने त्याचा हात झोळींत होता. त्याची मजुरी मीं भरून दिली, पण तेवढ्यानें माझें समाधान झालें नाहीं, कारण घटकाभर आधीं, “लवकर आटप रे बाबा, पाऊस येतो आहे,” असें त्याला म्हणणारा मीच होतों.

असें कां झालें, हें मला पुढें वन खात्यांत काम केलेल्या एका गृहस्थांनीं काठी वांकवून समजाविलें. कललेल्या झाडाच्या पाठीकडचें लांकूड ताणलेल्या दोरीसारखें असतें आणि पोटाकडचें दाबलेलें. सरळ झाडास पुढून व्यासाच्या पांचव्या ते चौथ्या हिश्श्याइतकी खांच घेतात, मागून छेद देतात, आणि दोहोंच्या मध्यें व्यासाच्या सुमारें दहाव्या हिश्श्याची पट्टी न कापतां ठेवितात. ही पट्टी म्हणजे झाडाची बिजागरी. तिच्यावर झाड दारासारखें फिरून नेमक्या दिशेस खालीं येतें. फार कललेल्या झाडांत मात्र मागचा छेद बिजागरीपर्यंत पोंचण्यापूर्वींच भार लांकडाला उभें फाडतो. त्यावर उपाय असा कीं, खांच घेतल्यावर करवतीचें पातें बाजूनें बुंध्यांत आरपार घुसवावयाचें, बिजागरी तेवढी सोडून तेथून मागें कापीत यावयाचें, आणि अगदीं पाठीशीं एक पट्टा शाबूत ठेवावयाचा. तोंवर झाड जागचें हालत नाहीं. शेवटीं बाजूस उभें राहून तो पट्टा बाहेरून कापला कीं झाड एकदम सुटतें, आणि कापणाऱ्यानें पडण्याच्या दिशेच्या मागें तिरक्या, आधींच साफ करून ठेविलेल्या वाटेनें निघून जावयाचें.

हें वाचून कोणीं उद्यां सकाळीं प्रयोग करूं नये. पातें आंत घुसवितांना त्याच्या टोंकाचा वरचा कोपरा लांकडास लागला तर करवत उसळून सरळ तोंडावर येते. म्हणून टोंकाच्या खालच्या अंगानें सुरुवात करावी लागते, व तो हात जाणत्या माणसाजवळ राहूनच बसतो. अर्धवट उपटलेल्या झाडाची गोष्ट आणखी निराळी. बुंधा कापून भार गेला कीं मुळ्यांचा गड्डा मातीसकट एकाएकीं खड्ड्यांत परत बसतो. त्या खड्ड्यांत उभें राहणें म्हणजे आपल्या हातानें स्वतःस पुरून घेणें होय.

आतां सडक्या झाडाविषयीं. वरील सर्व शास्त्र बिजागरीवर उभें आहे, आणि सडक्या बुंध्यांत बिजागरीच होत नाहीं. कुजलेलें लांकूड वांकत नाहीं, मोडतें; मग झाड कोणत्या बाजूस जाईल हें देव जाणे. यास्तव करवत लावण्याआधीं बुडाभोंवतीं फिरून पाहावें. सालीवर किंवा मुळांशीं अळंबीं उगवलीं आहेत काय, ढोली आहे काय, साल सुटली आहे काय, हें तपासावें. कुऱ्हाडीच्या तुंब्यानें बुंधा वाजवावा. भरीव आणि पोकळ यांचा आवाज घागरीच्या आवाजाइतका निराळा येतो. चालत्या करवतींतून स्वच्छ लांकडाच्या चकत्या न येतां काळपट भुकटी येऊं लागली तर तेथेंच थांबावें. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे वर पाहावें. वाळलेली फांदी यंत्राच्या नुसत्या हादऱ्यानेंहि तुटून येते, आणि खालीं वांकलेल्या माणसास ती दिसत नाहीं, ऐकूंहि येत नाहीं. अशा झाडांत पाचर ठोकणेंहि त्याच कारणास्तव वर्ज्य समजावें.

जेसीबीनें ढकलून द्यावें, असें सुचविणारे भेटतात. सडक्या झाडाचा शेंडा मोडून ढकलणाऱ्याच्याच डोक्यावर येतो, हें त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. त्यापेक्षां दोर उंचावर फेंकून अडकवावा, झाडावर चढून कदापि बांधूं नये, आणि दूरवरून ओढावें; ओढणारें यंत्र झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर असावें. बघ्यांनाहि हाच नियम. आपल्याकडे झाड पडतांना पाहण्यास पोरें जमतात, तीं प्रथम घरीं पाठवावीं. विजेच्या तारा जवळ असतील तर वायरमनकडून प्रवाह बंद करून घेतल्यावांचून हात लावूं नये, हें सांगण्याची गरज नसावी.

माझ्या जुन्या खात्याच्या अनुभवाचेंहि दोन शब्द लिहितों. झाडें तोडण्याच्या नियमनाचा १९६४ सालचा महाराष्ट्राचा कायदा आहे, आणि आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग वगैरे अनुसूचींतलीं झाडें स्वतःच्या जमिनींत असलीं तरी परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. झाड मेलेलें, रोगट किंवा वाऱ्यानें पडलेलें असणें हें परवानगीचें सबळ कारण आहे. तरी कागद नको म्हणून लोक तें भल्या पहाटे, घाईनें व चोरून तोडतात. चोरून तोडणारा वर पाहत नाहीं. दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. माझ्या हाताखालून गेलेल्या अर्जांत झाडाची जात, गट नंबर, मालकी हें सर्व काटेकोर असे. तें पाडणार कोण, आणि त्याला तें येतें काय, हें मीं एकदांहि विचारलें नाहीं. तसा नियम नव्हता, असें म्हणून सुटतां येईल. पण विचारण्यास बंदीहि नव्हती.

म्हणून माझी आपल्या संस्थेस सूचना आहे. संस्था औजारें भाड्यानें देते, त्यांत यांत्रिक करवतहि घ्यावी. मात्र ती सुटी देऊं नये. तिच्याबरोबर शिकलेला माणूस, आणि त्या माणसाबरोबर शिरस्त्राण, डोळ्यांवर जाळी, कानांस आवरण, करवत अडविणारें मांडीवरचें जाड कापड व बंद बूट, हें सर्व भाड्यांतच असावें. प्रत्येक गटांतून दोन तरुण निवडून त्यांस वन खात्यांतल्या जाणत्यांकडून शिकवावें. खर्च परवडणार नाहीं, असें कांहीं सभासद म्हणतील. एका मेलेल्या आंब्यापायीं एवढा खटाटोप कशास, असेंहि म्हणतील. त्यांनीं माझ्याकडे यावें. त्या तरुणाच्या औषधोपचाराचा हिशेब मीं जपून ठेविला आहे, तो दाखवीन.

माझ्याहि वाडींत वडिलांच्या हातचा एक आंबा पोकळ होऊन उभा आहे. बुडाशीं अळंबीं आलीं आहेत व एक मोठी फांदी वाळली आहे. कटरवाला दोनदां येऊन गेला. मीं त्यास परत पाठविलें. झाडाखालचा गोठा हालविला, वाट कुंपण घालून बंद केली, आणि शिकलेला माणूस मिळेपर्यंत झाड आहे तसें राहूं दिलें आहे. वरील सूचना येत्या वार्षिक सभेपुढें ठेवावी, अशी व्यवस्थापक मंडळास विनंती आहे.