प्रथमग्रासे महाग्रंथ!

परभाषा शिकणाऱ्या मनुष्यास उपदेश करणाऱ्यांची वाण कोणत्याहि काळीं पडत नाहीं. आणि मँडरिन चिनी भाषेकडे वळलेल्या आमच्या तरुणांच्या वाट्यास तर हा उपदेश जरा अधिकच येतो. दोन-तीन पाठ्यपुस्तकें संपवून विद्यार्थी ‘आतां कोणती कादंबरी वाचूं?’ असें विचारूं लागला, कीं त्याला ठरीव उत्तर मिळतें: वाचावयाचें तर सर्वश्रेष्ठच वाचावें, ‘तांबड्या हवेलीचें स्वप्न’ घ्यावें, नाहीं तर निदान लू श्युन तरी घ्यावा! हा सल्ला दिसण्यांत उदात्त आहे. परिणामांत तो घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

‘तांबड्या हवेली’च्या थोरवीविषयीं वाद नाहीं. १८ व्या शतकांत चाओ श्वे-छिन यानें लिहिलेली ही कादंबरी चिनी वाङ्मयाचा मुकुटमणि होय. पण १२० अध्याय, शेंकडों पात्रें, जागोजाग कविता, आणि त्या काळच्या श्रीमंत घराण्यांतील वस्त्रें, औषधें व नातीं यांचे अगणित शब्द, हा पसारा नवशिक्यास कसा पेलावा? लू श्युनची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. १९१८ सालीं प्रसिद्ध झालेली त्याची ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा बोलभाषेंतील अर्वाचीन वाङ्मयाची पहाट मानली जाते. पण तिचें प्रास्ताविक त्यानें मुद्दाम जुन्या ग्रांथिक भाषेंत लिहिलें आहे. त्या दोन भाषांच्या टकरींतच कथेचें मर्म आहे. ज्याला ती टक्कर ऐकूं येत नाहीं त्याचा पाय मात्र पहिल्याच परिच्छेदांत अडखळतो. आमच्याकडेहि साधें इंग्रजी पत्र लिहितां न येणाऱ्या मुलांच्या हातीं मिल्टन देण्याची चाल होती. तिनें मिल्टनचे रसिक किती निपजले आणि मार्गदर्शिका घोकणारे किती, हें महाविद्यालयांत आयुष्य घालविलेल्या कोणासहि विचारावें.

दुसरा पक्ष याच्या उलट टोंकाचा. तो म्हणतो, इंग्रजींत वाचलेलें ओळखीचें पुस्तकच चिनी भाषांतरांत वाचा. हॅरी पॉटर चिनींत २००० सालापासून मिळतो, मग अडचण कसली? अडचण अशी, कीं चिनी लिपींत शब्दाशब्दांमध्यें जागा सोडलेली नसते. आपल्या देवनागरींतहि विशेषनामांस मोठीं अक्षरें नाहींत. पण शब्द सुटे असतात आणि विभक्तिप्रत्यय नामाची ओळख पटवितात. चिनींत हे दोन्ही आधार नाहींत. परकीं नांवें तेथें केवळ ध्वनीसाठीं जुळविलेल्या अक्षरांनीं लिहितात. आणि बिचारा विद्यार्थी त्या प्रत्येक अक्षराचा अर्थ कोशांत शोधीत बसतो! शिवाय भाषांतरांतून इंग्रजी वाक्यरचनेचा वास येतो तो निराळाच. चिनी शिकावयास निघून पुन्हां इंग्रजीच्याच अंगणांत खेळण्याचा हा प्रकार आहे.

तिसरे लोक बालवाङ्मय सुचवितात. पण मुलांच्या पुस्तकांत फुलें, पांखरें आणि नादवाचक शब्द यांची जी गर्दी असते, ती पाठ्यपुस्तक वाचून आलेल्या प्रौढास अगदीं अनोळखी असते. लहान मुलाला सोपें तें परक्याला सोपें, हें समीकरणच चुकीचें आहे.

मग कसोटी कोणती? हू आणि नेशन या संशोधकांनीं इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग करून २००० सालीं असा निष्कर्ष काढला, कीं कोशाच्या मदतीवांचून गोष्ट नीट समजण्यास शंभरांतील सुमारें ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात. हें माप चिनीसहि लावून पाहण्यासारखें आहे. मात्र तेथें अक्षरें नव्हेत, शब्द मोजावे. ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ हीं दोन अक्षरें जोडून ‘वस्तु’ असा अर्थ होतो. ‘घोडा’ आणि ‘वर’ मिळून ‘ताबडतोब’ होतें! अक्षरांची संख्या सांगून फुशारकी मारणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. कोणी म्हणतील, खिशांतल्या फोनवर बोट टेंकतांच अर्थ मिळतो. अर्थ मिळतो हें खरें. पण ओळीगणिक बोट टेंकणें म्हणजे वाचन नव्हे, ती खोदाई झाली. म्हणून पुस्तकाच्या मध्यावरचें एक पान उघडावें, शंभर शब्द मोजावे, आणि त्यांत दहा अडले तर तें पुस्तक आदरपूर्वक फडताळांत परत ठेवावें.

या कसोटीस उतरणारें पहिलें पुस्तक म्हणून आम्ही यू ह्वा याच्या ‘जगणें’ या कादंबरीकडे बोट दाखवूं. १९९२ सालीं ती प्रथम मासिकांत प्रसिद्ध झाली. जुगारांत वाडवडिलांची जमीन घालविलेला फू-क्वै नांवाचा म्हातारा शेतकरी लोकगीतें गोळा करीत हिंडणाऱ्या एका तरुणास आपली जन्मकथा सांगतो. सर्व कथा म्हाताऱ्याच्या तोंडची असल्यामुळें वाक्यें आंखूड आणि शब्द रोजच्या वापरांतले. तेच शब्द पुन्हां पुन्हां येतात, आणि म्हणूनच ते मनांत रुजतात. एकेक आप्त गमावीत गेलेल्या त्या माणसाची हकीकत वाचतांना आपण परभाषा वाचीत आहों हें विसरावयास होतें. सोपें म्हणजे उथळ, असें मानणाऱ्यांस याहून चांगलें उत्तर नाहीं.

त्यानंतर लाओ श याचा ‘उंटवाला श्यांग-त्स’ घ्यावा. पेकिंगच्या एका रिक्षा ओढणाऱ्याची ही कथा १९३६-३७ सालीं क्रमशः प्रसिद्ध झाली. तींत पेकिंगच्या खास बोलीचे शब्द आहेत. म्हणून तिची पायरी दुसरी. मात्र आवृत्ति पाहून घ्यावी, कारण १९५५ च्या सुधारलेल्या आवृत्तींत शेवटचा भाग गाळलेला आहे.

याच कादंबरीच्या इंग्रजी अवताराची कथा आमच्या वाचकांनीं अवश्य लक्षांत घ्यावी. १९४५ सालीं अमेरिकेंत तिचें भाषांतर निघालें, तें अतिशय खपलें. आणि त्यांत भाषांतरकारानें शेवट बदलून टाकला होता! मूळ कथेंत श्यांग-त्सची प्रिया गळफांस घेऊन मरते आणि तो स्वतः रसातळास जातो. भाषांतरांत त्या दोघांचें मीलन घडविलें आहे. ज्या समाजाची वेदना सांगण्यासाठीं लेखकानें लेखणी उचलली, तीच वेदना परक्या वाचकाच्या सुखासाठीं पुसली गेली. चीन आमचा शेजारी. पण त्याची ओळख आम्ही आजहि बहुतांशीं इंग्रजीच्या खिडकींतूनच करून घेतों, आणि त्या खिडकीची कांच कशी असूं शकते तें हें असें.

म्हणून चिनी मूळांतून वाचणारीं माणसें आम्हांस हवीं आहेत, आणि तीं थोडींच निपजतात. अशा एकाद्या तरुणानें ‘तांबड्या हवेली’च्या उंबरठ्यावर दहा दिवस डोकें आपटून पुस्तक कायमचें मिटावें, यांत चाओ श्वे-छिनचाहि गौरव नाहीं. ‘ही तर लाडावण्याची रीत झाली’ असा आक्षेप आम्ही ऐकूनच आहों. पण पायऱ्या बांधणें म्हणजे गड सखल करणें नव्हे. हवेली कोठें पळून जात नाहीं. दहा कादंबऱ्या आपल्या बळावर वाचलेला वाचक तिच्या दाराशीं पाहुणा म्हणून जाईल, आणि त्याला आंत जातांना वाटाड्याची गरज पडणार नाहीं.