वाण्याची चोपडी

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्राने किरकोळ व्यापारात ५१ टक्के विदेशी गुंतवणुकीला वाट मोकळी केली, तेव्हा २० तारखेच्या भारत बंदमध्ये आपल्यापैकी अनेक जण उतरले होते. त्यांपैकी किती घरांची महिन्याची यादी आज कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाते? मॉल नको म्हणणारे आपण, मोबाइलवर बोट ठेवून डाळ-साखर मागवतो.

वाणी साधुपुरुष असतो असे नव्हे. काटा मारणारे, किडका रवा खपवणारे मलाही भेटले आहेत. पण पाथर्डी-शेवगावकडील ऊसतोड मजुराचे वर्ष पाहा. दिवाळीच्या सुमारास तो बिऱ्हाडासह कारखान्याकडे निघतो, उन्हाळ्यात परततो. पुढे मुकादमाची उचल हाती पडेपर्यंत त्याची चूल पुष्कळदा किराणा दुकानाच्या उधारीवर पेटते. तारण नाही, अर्ज नाही. चोपडीत एक ओळ, एवढाच करार.

ही उधारी दुकानदाराला झेपते, कारण त्याच बाजारपेठेतले शिक्षक, कारकून, पेन्शनर रोखीने माल नेतात. आडते बाजारातल्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे त्या रोखीतूनच फिटते. ती रोकड आपण दुसरीकडे वळवली की चोपडी मिटते, आणि पहिली मिटते ती मजुराची.

परवा आमच्या दुकानदाराने हसत माझे खाते उघडून दाखवले. तीन महिन्यांत नोंदी तीनच : मीठ, काडेपेटी, कापूर.